सगळ्या नेपाळी पोरांना ‘बहादूर’ म्हणणाऱ्या वाडीत सुरुवात कुठून करायची

सर, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. देवगड बाजूच्या एका वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा, पट १४, त्यातली ५ मुलं आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची आणि २ चिरेखाणीवरच्या लमाणी कुटुंबांची. गावातली मुलं त्यांना ‘चिंकी’, ‘बहादूर’, ‘लमाणडी’ असं काहीबाही म्हणतात, दोन पालक येऊन सांगून गेले की आमच्या पोरांना त्यांच्या शेजारी बसवू नका, आणि आता तुम्हाला शाळेत नि वाडीत ‘विविधतेत एकता’ असा एखादा मोठा कार्यक्रम घ्यायचाय, तर तो कसा घ्यावा.

मी २७ वर्षं शिकवलं, आधी रत्नागिरीत मग सिंधुदुर्गात, शेवटची ७ वर्षं केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट माझ्याकडे होता, त्यामुळे बंदरावरच्या, कातकरवाडीच्या, चिरेखाणीजवळच्या अशा सगळ्या प्रकारच्या शाळा जवळून बघितल्यात. माझं स्पष्ट मत सांगते, कार्यक्रम आत्ता घेऊ नका. आधी नावं.

नावं म्हणजे काय तर खरीच नावं. माझ्या वर्गात दिवाळीनंतर एक नेपाळी मुलगा आला, बागायतदाराचा माणूस त्याला सोडून गेला आणि जाताना म्हणाला ‘हा बहादूरचा पोरगा’. मी माझ्या वहीत ‘बहादूर’ लिहिलं. तीन आठवडे मी त्याला बहादूर म्हणत होते आणि तो ‘ओ’ देत होता, कारण त्याच्या बापालाही सगळा गाव बहादूरच म्हणत होता, बापाच्या आधी त्या बागेत जो होता त्यालाही बहादूरच म्हणत होते. मग एकदा त्याची आई पोषण आहाराच्या वेळी आली आणि तिने त्याला हाक मारली तेव्हा मला कळलं की पोराचं नाव त्यांच्या डोंगरावरच्या एका देवावरून ठेवलेलं, चांगलं चार अक्षरी आहे. मला त्या दिवशी जी शरम वाटली ती अजून वाटते. तीन आठवडे मी रोज सकाळी त्या मुलाला सांगत होते की तू कोण आहेस याच्याशी मला घेणं नाही, आणि मी तर स्वतःला चांगली शिक्षिका समजत होते.

म्हणून पहिलं काम हे की प्रत्येक नव्या मुलाच्या आईला विचारायचं, घरी काय हाक मारता, कसं म्हणायचं, आणि तिच्यासमोर दोन-तीनदा म्हणून बघायचं. नेपाळी नावं देवनागरीतच लिहितात हे किती जणांच्या लक्षातच येत नाही! आपली लिपी एकच आहे. त्या आईला थोडं लिहिता येत असेल तर तिच्याच हाताने हजेरीवर नाव लिहून घ्या. मग वर्गात सगळ्यांच्या नावांचा एक तास घ्या, फक्त त्या ७ मुलांचा नाही, सगळ्या १४ जणांचा, कुणाचं नाव कुणी ठेवलं, आजीचं आहे का, देवाचं आहे का. आणि त्या दिवसापासून वर्गाचा एकच नियम, माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची, चेहऱ्यावरून नाही, गावावरून नाही, रंगावरून नाही. हा नियम गावातल्या पोरांनाही लागू. आपल्याकडे वाडीवाडीत एक ‘काळ्या’ असतो आणि सगळे म्हणतात की ते प्रेमाने म्हणतो आम्ही. त्या काळ्याला एकटं बसवून विचारा कधी.

आता तुमचे ते दोन पालक. त्यांच्यावर चिडू नका आणि त्यांना कायद्याचा धाकही लगेच दाखवू नका, कायदा आहेच, त्यावर पुढे येते. मी असल्या पालकांची एक बैठक घेतली होती, तिथे एकजण उठून हेच बोलला, ‘आमच्या पोरांच्या बाजूक नको’. मी उत्तर द्यायच्या आत मागे बसलेले एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, ते बोलायला लागले. ‘मी मुंबैक एका घराक कामाक होतंय. थंय माका सगळे रामा म्हणत. माझा नाव रामा न्हय. बारा वर्सा ऱ्हवलंय, माझा नाव कोणी विचारल्यानच नाय.’ एवढंच बोलून ते खाली बसले. पूर्ण बैठक गप्प झाली. कारण मुंबईत कोकणातल्या घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणायचे हे तिथल्या प्रत्येक घराला माहिती होतं, कुणाचा आजा, कुणाचा चुलता. आपलाच माणूस दुसऱ्याच्या शहरात रामा होता आणि आपल्या बागेत आलेला माणूस बहादूर आहे. मी नंतर कितीही भाषणं दिली असती तरी ते झालं नसतं जे त्या आजोबांच्या चार वाक्यांनी झालं. तुमच्या वाडीत असा माणूस नक्की असणार, गिरणीत काम केलेला, बोटीवर गेलेला, कुवेत-सौदीला राहून आलेला. त्याला शोधा. त्याला शाळेत बोलवा आणि मुलांना त्याला प्रश्न विचारू दे, तिथे तुम्हाला काय म्हणायचे, राहायचात कुठे, आजारी पडलात तर कोण यायचं. आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईचे चाकरमानी गावाकडे आले तेव्हा कितीतरी वाड्यांनी स्वतःच्याच माणसांना वेशीवर अडवलं होतं, ते आठवण करून द्यायला लाजू नका. परकं कोण हे ठरवायला आपल्याला फार वेळ लागत नाही.

मुलांसाठी मात्र आणखी सामान लागतं आणि ते आपल्या किनाऱ्यावर इतकं पडलंय की पुस्तकं शोधायची गरज नाही. मी सगळ्यात जास्त वापरलेली गोष्ट जंजिऱ्याची. सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक, म्हटलं की मुलांना फक्त शत्रू आठवतो आणि ‘हबशी’ हा शब्द तर शिवी म्हणूनच माहिती असतो. मी फळ्यावर लिहायचे, हबशी म्हणजे हबश देशाचा, हबश म्हणजे आजचा इथिओपिया, आणि मुरुड-जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत. मग सांगायचे की १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता आणि त्याच वेळी शिवाजी महाराजांच्या बाजूने लढणारा सिद्दी हिलालही होता, म्हणजे एकाच लढाईत दोन्हीकडे सिद्दी. मग भांडण कशाचं होतं, रंगाचं की राज्याचं? चौथी-पाचवीची मुलं याचं उत्तर बरोबर देतात सर, मोठ्यांना वेळ लागतो. पुढे मलिक अंबरचं सांगायचं, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कारभारी झाला, जमीन महसुलाची घडी बसवली, १६२६ मध्ये वारला. माझ्या एका वर्गात सावळ्या रंगावरून चिडवली जाणारी एक मुलगी होती, तिने मलिक अंबरचं चित्र काढून आणलं आणि स्वतःहून भिंतीवर लावलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

रत्नागिरीच्या जवळ असाल तर थिबा पॅलेस आहेच. सहल नेतो आपण, मुलं फोटो काढतात आणि परत येतात. मी सहलीच्या आधी एक तास घ्यायचे, ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला, राजवाडा बांधून होईस्तोवर १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, परत गेलाच नाही. त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी रत्नागिरीतच वाढली, मराठीच बोलायची, साध्या परिस्थितीत जगली. मुलांना विचारायचं की ती ब्रह्मी की रत्नागिरीची? वर्गात भांडणं होतात यावर, होऊ द्या, चांगली भांडणं आहेत ती.

अलिबागकडचे असाल तर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सांगा, तेल गाळायचे, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली, आडनावं आपल्यासारखी गावावरून ‘कर’ लावलेली. १९४८ नंतर बरेच इस्रायलला गेले तर तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी शंका काढली की हे खरे ज्यू आहेत का, आंदोलन करावं लागलं, १९६४ मध्ये ते मिटलं. इकडे शेकडो वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आणि केपटाऊनला कोकणी मुसलमानांची वस्ती शंभरहून जास्त वर्षं जुनी आहे, आपल्या रत्नागिरी-रायगडातून गेलेली माणसं, त्यांनी वर्णभेदाचे कायदे अंगावर सोसले, १९५० च्या कायद्याने कुणी कुठल्या भागात राहायचं हेसुद्धा रंग बघून ठरायचं.

इथे तारखांची एक गोष्ट सांगते, ती मला फार महत्त्वाची वाटते. २१ मार्च हा जगभर वंशभेदाविरुद्धचा दिवस म्हणून पाळतात, कारण १९६० मध्ये त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल इथे काळ्या लोकांना पास जवळ बाळगायची सक्ती होती, तिच्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. आणि त्याच्या आदल्या दिवशी, २० मार्च, आपला महाडचा दिवस आहे, १९२७ साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं तो. आम्ही केंद्रातल्या शाळांत हे दोन दिवस जोडून घ्यायचो. कारण कोकणात बसून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदावर हळहळायचं आणि स्वतःच्या वाडीत पाण्याची, स्मशानाची, पंगतीची गोष्ट काढायचीच नाही, हे मला जमत नाही. काही सहकारी म्हणायचे की मॅडम जातीचा विषय कशाला मध्ये आणता, आपलं नेपाळी मुलांचं चाललंय ना. पण ज्या घरात कातकऱ्याला अजून ‘कातोडी’ म्हणून लांबून भांड्यात ओततात त्याच घरातलं पोर वर्गात नेपाळ्याला बाजूला सरक म्हणतं, ते काही दोन वेगळे धडे शिकलेलं नसतं. त्याने एकच धडा घरी बघितलाय. कातकऱ्यांना तर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच चोर ठरवलं होतं, तो कायदा १९५२ मध्ये गेला पण वाडीत चोरी झाली की पहिलं बोट अजून कुठे जातं ते तुम्हीही बघितलं असेल. हल्ली ते बोट बागेतल्या नेपाळ्याकडेही जातं.

याला मी हलकं घेत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या ५ माणसांना जमावाने ठेचून मारलं, २०२० च्या एप्रिलमध्ये पालघरच्या गडचिंचल्यात अफवेवरूनच ३ जण मारले गेले. मोबाइलवर आलेला मेसेज आणि डोक्यात आधीच बसलेलं ‘ती माणसं तसलीच’, एवढंच पुरलं. म्हणून तुमच्या वाडीच्या ग्रुपवर असा मेसेज आला तर शिक्षक म्हणून लगेच, त्याच मिनिटाला, विचारा की कुठली बातमी, कुणी बघितलं, पोलीस पाटलांना फोन केला का. उद्या बोलू म्हणून ठेवू नका.

आता वर्गातलं रोजचं. कुणी ‘चिंकी’ म्हणालं तर काय करायचं? मी सुरुवातीला ओरडायचे, सगळ्यांसमोर माफी मागायला लावायचे. ते चुकलं. माफी मागणारा मधल्या सुट्टीत दुप्पट वसूल करतो आणि ज्याला बोललं गेलं तो आणखी उघडा पडतो. नंतर मी आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचे, नावाने हाक मारून, ‘मी ऐकलं, ते चूक होतं’ एवढंच म्हणायचे. मग बोलणाऱ्याला एकट्याला घ्यायचं, हा शब्द कुठे ऐकलास, त्याचा अर्थ काय सांग बघू. नव्वद टक्के वेळा तो घरी ऐकलेला असतो नाहीतर मोबाइलवर, आणि पोराला अर्थच माहिती नसतो. अर्थ नीट सांगायचा. मोठ्या मुलांना मी २०१४ मधली निडो तानियाची हकीकत सांगायचे, अरुणाचलचा विद्यार्थी, दिल्लीत दुकानात केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाण झाली आणि तो गेला, मग ईशान्येकडच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर केंद्राला बेझबरुआ समिती नेमावी लागली. चिडवण्याचा शेवट कुठे होऊ शकतो हे सातवीच्या मुलाला कळतं. मारायचं मात्र नाही, हातही नाही नि छडीही नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहेच, पण त्याहीपेक्षा ज्याला मारून समता शिकवली त्याच्या डोक्यात फक्त मार राहतो.

भाषेचा भाग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात गोड आहे, आणि तोच सगळे विसरतात. साने गुरुजींचं, आपल्या पालगडच्या, आंतरभारतीचं स्वप्न हेच होतं की एकमेकांच्या भाषा शिकायच्या. फळ्याचा एक कोपरा त्यासाठी ठेवा. नेपाळीत भाताला भातच म्हणतात, पाहुण्याला पाहुना, माशाला माछा, आंब्याला आँप. लमाणी मुलं आईला याडी म्हणतात. रोज एक शब्द, तो त्या मुलानेच लिहायचा, त्या दिवशी तो गुरुजी. नवरात्रात आपण घटाजवळ धान्य रुजवतो तसे त्यांच्याकडे दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, जमरा म्हणजे धान्याचे अंकुर उगवतात आणि टिळ्याबरोबर मोठ्यांच्या हातून घेतात. आपली भाऊबीज ज्या दिवशी त्याच दिवशी त्यांची भाइटीका. हे कळलं तेव्हा माझ्या वर्गातल्या मुली थेट बागेतल्या मांगरात, राखणदाराच्या खोपटात, गेल्या बघायला, आणि तिथल्या बाईने त्यांना तेल लावून टिळा लावला, सात रंगांचा. मी नेलं नव्हतं त्यांना.

पण ‘वेशभूषा दिन’ मात्र नको सर, विनंती आहे. मी एकदा घेतला. लमाणी मुलीला आईचा आरशांचा घागरा-कांचळी घालून यायला सांगितलं, नेपाळी पोराला टोपी, सगळे टाळ्या वाजवतायत, फोटो काढतायत, आणि संध्याकाळी त्या मुलीची आई दारात येऊन म्हणाली, ‘बाई, हे आमचे रोजचे कपडे आहेत, सोंग नाही.’ त्यानंतर मुलगी आठवडाभर आली नाही. तिच्या कपड्याला टाळी मिळाली पण डबा खायला तिच्या बाजूला त्या दिवशीही कुणी बसलं नव्हतं. पोषण आहाराची पंगत बघा तुम्ही, रोज, स्वतः जेवा त्यांच्यात, कुणाच्या शेजारची जागा रिकामी राहते ते बघा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, दर सोमवारी नवी. वाढणारी ताई कुणाच्या ताटात वरून टाकते आणि कुणाच्या ताटात नीट वाढते तेही बघा आणि तिच्याशी प्रेमाने बोला, कारण तीही त्याच वाडीतली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक बालकासाठी आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मूल वर्षाच्या मध्येच आलं तरी नाकारता येत नाही. आधार नाही म्हणून ‘नुसतं बसू दे’ असं करू नका, हजेरीवर घ्या, वयानुसार वर्ग द्या. कुणी म्हणालं हे परदेशी आहेत, यांना कशाला, तर १९५० च्या भारत-नेपाळ कराराने त्यांना इथे राहून काम करायची मोकळीक आहे हे शांतपणे सांगा. आणि कातकरी मुलांना किंवा अनुसूचित जातीतल्या मुलांना जातीवरून बोललं गेलं, छळलं गेलं तर तिथे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, ते ‘आपापसात मिटवून’ टाकायचं नाही, गावचं नाव खराब होईल म्हणून तर अजिबात नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका हव्यात, आणि दुर्बल घटकातल्या पालकांना प्रमाणात जागा द्यायच्या असतात. तुमच्या १४ पैकी ७ मुलं बाहेरून आलेली आहेत, समितीत त्यांचा एकतरी पालक आहे का? आमच्या केंद्रात मी हे विचारलं तेव्हा एकाही शाळेत नव्हता. ‘मॅडम, त्यांना वेळ नसतो’. बैठक सकाळी ११ ला ठेवली तर फवारणी सोडून कोण येणार, संध्याकाळी दिवेलागणीला ठेवा, आणि बागायतदाराला स्वतः जाऊन सांगा की या बाईंना तासभर सोडा. बागायतदार हा या सगळ्यात मोठा माणूस आहे हे लक्षात ठेवा, त्याने एकदा माणसाला नावाने हाक मारली की वाडी महिन्याभरात मारायला लागते. आणि त्या दोन नाराज पालकांना एक हिशोब जरूर दाखवा, ती ७ मुलं काढली तर पट ७. कमी पटाच्या शाळांचं काय होतं ते कोकणात कुणाला सांगायला नको. मला हा मुद्दा वापरायला मनापासून आवडत नाही, कारण पोर पटासाठी नसतं. पण पहिलं दार उघडायला तो उपयोगी पडतो, मग बाकीचं बोलता येतं.

आणि एक, तुम्ही स्वतः मराठवाड्यातले, तुम्हाला गावात ‘घाटावरचे मास्तर’ म्हणत असतील, तुमच्या बोलण्याची नक्कल मुलं करत असतील. ते मुलांशी मोकळेपणी बोला, तुम्हाला कसं वाटलं ते. मी इथलीच असल्यामुळे मला ते कधी सांगता आलं नाही, तुम्हाला येईल.

जूनची तयारी आत्तापासून करा. आंबा संपला की कुटुंबं पावसाच्या आधी निघतात, कधी दोन दिवसांत, आणि नेपाळात शाळेचं वर्ष बैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं, त्यामुळे ही मुलं तिकडेही अर्ध्यावर पोचतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक आहे, ते भरा, पण त्याच्यासोबत एक साधं पत्रही तिकडच्या शिक्षकाला द्या, मराठीत लिहिलंत तरी अक्षरं त्यांना वाचता येतात, सोप्या शब्दात, की याला एवढं वाचता येतं, गणितात हा असा आहे, चित्रं छान काढतो. माझ्या त्या पहिल्या मुलाच्या आईने ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं होतं, आणि नोव्हेंबरात परत आली तेव्हा ते तसंच काढून दाखवलं, त्याच्या मागे तिकडच्या गुरुजींनी दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. त्यात मुलाचं नाव मी लिहिलेलं थोडं चुकलं होतं, वेलांटीचं, ते त्यांनी लाल शाईने दुरुस्त केलं होतं.